मोठ्या कुत्र्यांचे सांधे



कुत्रा पाळणे आपल्याकडे नवे नाही; मोठा कुत्रा घराच्या आत पाळणे मात्र अलीकडचे आहे. धनगरवाड्यावरचा कुत्रा मातीवर वाढतो, बेताचे खातो आणि दिवसभर मेंढरांमागे हिंडतो. आज शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत जो अल्सेशियन, लॅब्रॅडोर, रॉटवायलर किंवा ग्रेट डेन दिसतो, त्याचे बालपण अगदी निराळ्या तऱ्हेने जाते. आमच्या झाशीचेच पाहा. १७४२ च्या सुमारास नारोशंकर येथे पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले. त्यांच्या व पुढे नेवाळकरांच्या काळात दक्षिणेकडून जी मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली, त्यांपैकी काहींची घरे अद्याप नांदती आहेत. अशा घरांच्या ओसरीवर एके काळी गाय बांधलेली असे. आता ओसरीला गुळगुळीत फरशी बसली आहे आणि तिच्यावर चाळीस किलो वजनाचा कुत्रा पसरलेला असतो. या फरशीकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

मी पशुवैद्य नव्हे. महसुलाच्या कागदपत्रांत माझा दिवस जातो. पण मोठ्या जातीची कुत्री मी पुष्कळ वर्षे पाळीत आलो आहे, आणि पशुवैद्याच्या दवाखान्यातील बाकावर बसून माणूस बरेच शिकतो. तेथे एक दृश्य मी वारंवार पाहिले आहे. सहा-सात वर्षांचा धिप्पाड कुत्रा चादरीच्या झोळीत घालून आणलेला असतो आणि मालक सांगत असतो की, कालपर्यंत हा चांगला होता, आज एकाएकी उठेनासा झाला. वस्तुतः यात एकाएकी असे काहीच नसते. त्या दुखण्याचा पाया तो पाच-सहा महिन्यांचा असतानाच घातला गेलेला असतो, आणि तो बहुधा घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत व त्यांच्याच प्रेमळ हातांनी घातला जातो.

खुब्याच्या सांध्याची रचना तशी सोपी आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कटीच्या हाडातील वाटीत बसते. शालेय पुस्तकांत याला उखळीचा सांधा म्हणतात. पिल्लू जन्मते तेव्हा हा सांधा सामान्यतः निर्दोष असतो, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे काय होते ते वजनाच्या हिशेबावरून कळेल. अल्सेशियनचे पिल्लू जन्मतः सुमारे अर्ध्या किलोचे असते आणि वर्षाच्या आतबाहेर ते तीस किलोंवर जाते. ही वाढ साठपट झाली. मनुष्याचे मूल तीन किलोंचे जन्मते आणि साठ किलोंचे होण्यास त्याला सोळा-अठरा वर्षे लागतात. तरी ती वाढ वीसपटच. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी अजून मऊ कूर्चा असते, स्नायू कोवळे असतात आणि त्यांच्यावर हा भार आठवड्यागणिक चढत जातो. सांधा धरून ठेवणारे अस्थिबंध सैल असले, तर चेंडू वाटीत घट्ट न बसता तिच्या काठावर घासू लागतो. मग वाटी उथळ राहते, चेंडू चपटा होतो, कूर्चा झिजते आणि शरीर त्या जागी ओबडधोबड नवे हाड घालू लागते. हाच पुढचा संधिवात. पशुवैद्य याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. पुढच्या पायांच्या कोपरांतही याच जातीचा विकार होतो. त्याची चर्चा कमी होते, पण त्रास तितकाच असतो.

हा विकार अल्सेशियनलाच होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांच्यातही तो पुष्कळ आढळतो. उलट, सडपातळ आणि धावण्यासाठीच घडलेल्या ग्रेहाउंडमध्ये तो फार क्वचित दिसतो. जेथे स्नायू भरपूर व चरबी थोडी, तेथे खुबा सुरक्षित राहतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या विकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील श्नेल नावाच्या पशुवैद्याने १९३५ साली केले. त्याला तो दुर्मीळ वाटला होता; क्ष-किरणांचा वापर वाढला तेव्हा तो किती पसरलेला आहे हे दिसून आले. जॉन ऑलिन या उद्योगपतीच्या शिकारी लॅब्रॅडोर कुत्र्यांना हे दुखणे जडले, आणि त्याच्या पुढाकाराने १९६६ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या खुब्यांची चित्रे तपासून दाखले देणारी संस्था निघाली. स्वीडनमध्ये लष्कराच्या श्वानकेंद्रातील अल्सेशियनच्या ४०१ वेतांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असल्याचे दिसले. मात्र त्याला कारणीभूत होणारे बीजगुण एक-दोन नसून पुष्कळ आहेत. म्हणून निर्दोष आईबापांच्या पोटीही सदोष पिल्लू निपजू शकते. पण सदोष आईबापांच्या पोटी ते निपजण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो.

येथे पिल्लू विकत घेणाऱ्याने एक भेद ओळखावा. विक्रेता जे नोंदणीपत्र मोठ्या ऐटीने दाखवितो, तो वंशाचा दाखला आहे. नोकरीत घेताना आम्ही जन्माचा दाखला पाहतो आणि प्रकृतीचा दाखला निराळा मागतो. पहिल्यावरून दुसऱ्याचे काम भागत नाही. तसेच येथे आहे. पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांची व कोपरांची क्ष-किरण चित्रे काढली आहेत काय, हे विचारावे. निदान आई प्रत्यक्ष पाहावी, तिला उठवून चालवून पाहावी. बाजारात टोपलीत आणून विकतात त्या पिल्लांची आई कोठे असते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि दहांपैकी नऊ खरेद्या अशाच होतात. पिल्लाचे डोळे पाहून माणूस विरघळतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. असो.

आता लक्षणांकडे वळू. ती ओळखण्यात मुख्य अडचण अशी की, कुत्रा दुखण्याबद्दल ओरडत नाही. पाय चेंगरला तर तो केकाटेल. पण महिनोन् महिने ठणकणाऱ्या सांध्याविषयी तो चकार शब्द काढीत नाही, फक्त आपली चाल बदलतो. ती चाल वाचता आली पाहिजे. चौथ्या महिन्यापासून वर्ष पुरे होईपर्यंत आठवड्यातून एकदा पिल्लाला मोकळ्या सपाट जागी दुसऱ्याकडून चालवावे आणि आपण प्रथम मागून, नंतर बाजूने पाहावे. मागून पाहताना कंबर दोन्ही बाजूंना वाजवीपेक्षा अधिक डोलते काय, मागचे पाय एकमेकांजवळ पडतात काय, हे दिसते. मग त्याला पळू द्यावे. निरोगी पिल्लू पळताना मागचे पाय एकामागून एक टाकते. खुबा दुखणारे पिल्लू ससा उड्या मारतो तसे दोन्ही पाय जोडीने उचलते. लोकांना ही दुडदुड मोठी गोड वाटते आणि ते तिची चित्रे काढून ठेवतात. बसण्याची तऱ्हाही पाहावी. दोन्ही मांड्या पोटाखाली नीट न घेता एक पाय बाजूला फेकून पिल्लू नेहमीच तिरपे बसत असेल, तर ते केवळ आळस म्हणून सोडून देऊ नये. झोपेतून उठल्यावर पहिली दहा-वीस पावले ताठर पडणे आणि नंतर चाल मोकळी होणे, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकणे, गाडीत उडी मारण्याऐवजी पुढचे पाय टेकून वाट पाहत राहणे, या सर्व खुणा एकाच दिशेने बोट दाखवितात.

पुढच्या पायाचे दुखणे डोक्यावरून कळते. दुखरा पाय जमिनीस लागताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. कोपराचा विकार असला तर पंजे बाहेरच्या बाजूस वळतात. चार ते आठ महिन्यांच्या पिल्लाचे पुढच्या पायाने लंगडणे आठवडाभर टिकले, तर त्याची गणना मुरगळण्यात करू नये.

आमच्या वसाहतीत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे राजा नावाचा अल्सेशियन होता. सातव्या महिन्यात त्याने उड्या मारणे सोडले. पाहुणे आले तरी तो बसल्या जागेवरून शेपूट हलवी. घरची मंडळी कौतुकाने सांगत, "पाहा, किती लवकर समजूतदार झाला!" जानेवारीत झाशीला दाट धुके पडते आणि सकाळी हाडे गारठतात; तेव्हा राजा उठताना कण्हू लागला, तर त्याला थंडी बाधली असे ठरून त्याच्या अंगावर घोंगडी आली. मी एकदा मागून त्याची चाल पाहिली आणि त्यांना म्हटले, "काका, हा समजूतदार झालेला नाही, याचे दुखते आहे." त्यांना ते रुचले नाही. पुढे उन्हाळा आला, राजा बरा दिसू लागला आणि माझे म्हणणे खोटे ठरले, असे सर्वांनी धरले.

पण याच ठिकाणी फसगत होते. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास सैल सांध्याभोवतीचे आवरण जाड होते, सांधा थोडा स्थिर होतो आणि वेदना उतरते. ऊब आली की ताठरपणाही कमी होतो. मालक समजतो, दुखणे गेले. आत झीज चालूच असते, आणि तीन-चार वर्षांनी ती संधिवात होऊन परत येते. राजाला पाचव्या वर्षी ग्वाल्हेरला नेऊन चित्र काढले, तेव्हा डाव्या बाजूस वाटी जवळजवळ उरली नव्हती. मागच्या मांड्या वाळल्या होत्या आणि सारा भार पुढे घेऊन घेऊन छाती व खांदे मात्र पैलवानासारखे झाले होते. लोक त्या छातीचीच वाखाणणी करीत.

आता आहार. बीज आपल्या हाती नसते. पिल्लू घरात आले की त्याचे बीज ठरून गेलेले असते. ताट मात्र आपल्या हाती असते. या बाबतीत एक प्रयोग फार बोलका आहे. अमेरिकेतील एका खाद्य कंपनीने १९८७ च्या सुमारास ४८ लॅब्रॅडोर पिल्ले घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एकास भरपूर आणि दुसऱ्यास त्याच्यापेक्षा पाव हिश्शाने कमी असे एकच अन्न दिले, आणि हे जन्मभर चालविले. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री मध्यमानाने १३ वर्षे जगली, भरपूर खाणारी ११.२ वर्षे. दोन वर्षांच्या वयास काढलेल्या चित्रांत खुब्यांचा दोष कमी खाणाऱ्यांत निम्म्याहूनही कमी होता, आणि संधिवातासाठी उपचार करण्याची वेळ त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. एवढा गुण देणारे औषध अद्याप कोणी शोधलेले नाही, आणि याला खर्च तर नाहीच, उलट बचत आहे.

परंतु आपल्या घरांत हे अमलात आणणे कठीण. घरातील आजी म्हणणार, "वाढते अंग आहे, खाऊ दे की!" आणि तूप लावलेली पोळी टेबलाखाली जाणार. गुटगुटीत मूल ते निरोगी मूल, ही आपली जुनी समजूत पिल्लांच्या बाबतीत पुरती घातक आहे. पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. जोर न देता त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिले असता कमर आत गेलेली दिसली पाहिजे. शेजारी म्हणतील, "तुम्ही याला उपाशी ठेवता की काय?" म्हणू द्यावे.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. पिल्लू घेऊन घरी येताना वाटेतच कॅल्शियमच्या औषधाची बाटली विकत घेण्याचा एक प्रघात पडून गेला आहे. हाडे मोठी तेव्हा चुना जास्त हवा, असा सरळ तर्क त्यामागे असतो. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे ग्रेट डेन पिल्लांवर प्रयोग झाले. त्यांत हा तर्क उलटा पडला. कोवळ्या वयात पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारण्याची शक्ती नसते. जितके आत येईल त्यातील बराच भाग शोषला जातो आणि कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याचा क्रम बिघडतो. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी तयार केलेले खाद्य चालू असेल, तर वर बाटली मुळीच नको. याची दुसरी बाजूही आहे. आपल्या कित्येक शाकाहारी घरांत पिल्लाला दूध-पोळीवर वाढवितात, आणि काही मांसाहारी घरांत नुसत्या मांसावर. केवळ मांसात कॅल्शियम अगदी थोडे आणि फॉस्फरस फार; दूध-पोळीतही प्रमाण बसत नाही. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते, हाडे पोकळ होतात व पाय वाकतात. अशा पिल्लाला काय व किती द्यावे, हे पशुवैद्याने वजन पाहून ठरवावे. औषधाच्या दुकानदाराने नव्हे.

आता फरशी. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. मे-जून महिन्यांत सकाळी नऊनंतर कुत्र्याला बाहेर नेणे म्हणजे त्याचे पंजे भाजणे होय. तेव्हा पिल्लू दिवसभर घरातील थंड, चकचकीत लाद्यांवर असते. दाराची घंटा वाजली की ते धावते, मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात, आणि सैल खुब्यातील चेंडू प्रत्येक वेळी वाटीच्या काठावर आदळतो. दिवसातून वीस वेळा हे घडले तर महिन्याचा हिशेब काय होईल ते पाहा. उपाय स्वस्त आहे. पिल्लाच्या नेहमीच्या वाटेवर तरट, सतरंजी किंवा काथ्याची चटई पसरावी आणि ती सरकू नये म्हणून तिच्या कडा दाबून ठेवाव्या. त्याची नखे कापलेली असावी आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वाढणारे केसही. घराची शोभा वर्षभर थोडी कमी होईल, एवढेच.

जिन्याविषयी नॉर्वेमधील पशुवैद्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी चार मोठ्या जातींची पिल्ले जन्मापासून पाहिली. पहिल्या तीन महिन्यांत ज्या पिल्लांना रोज जिना चढावा-उतरावा लागला त्यांच्यात खुब्याचा विकार अधिक झाला. आणि त्याच वयात ज्यांना मऊ, उंचसखल जमिनीवर आपल्या मर्जीने मोकळे बागडता आले, त्यांच्यात तो कमी झाला. तेव्हा लहान पिल्लाला उचलून न्यावे. मात्र त्याला कोंडून ठेवू नये. त्याने मातीत हिंडावे, थकले की बसावे. आपल्या मर्जीने थांबता येणे हा यातला मर्म. मोटारसायकलीला साखळी बांधून पिल्लाला रपेट घडविणे, किल्ल्याच्या दगडी चढावर रोज शर्यत लावणे, चेंडू पन्नास वेळा फेकून त्याला वाऱ्यावर उड्या मारावयास लावणे, हे हाडांची टोके जुळून येईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष आणि फार मोठ्या जातीत दीड वर्ष, करू नये. पोहणे मात्र उत्तम; त्यात स्नायूंना काम मिळते आणि सांध्यांवर भार पडत नाही. आमच्याकडे ओरछ्याला बेटवा जवळ आहे, पण तिचे पात्र खडकाळ व धार जोराची, म्हणून उथळ पाण्यात आणि दोरी हातात ठेवूनच.

निर्बीजीकरणाच्या वेळेचाही येथे संबंध पोचतो. कॅलिफोर्नियात गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१३ साली असे दिसून आले की, वर्षाच्या आत ज्या नरांचे निर्बीजीकरण झाले त्यांच्यात खुब्याच्या विकाराचे प्रमाण इतर नरांच्या दुप्पट होते. मोठ्या जातीत म्हणूनच घाई न करता पशुवैद्याशी विचारविनिमय करावा.

शंका आली तर काय करावे? थांबू नये. चार महिन्यांच्या पिल्लाचीही परीक्षा होऊ शकते. ऑर्तोलानी नावाच्या इटालियन बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांचा सैल खुबा हाताने ओळखण्याची जी रीत १९३७ मध्ये सांगितली, तीच पशुवैद्य पिल्लांवर वापरतात. भूल देऊन चित्र काढले म्हणजे सैलपणा मोजताही येतो. लवकर कळण्याला अर्थ आहे, कारण काही शस्त्रक्रियांची वेळ ठरलेली असते. एक लहानशी शस्त्रक्रिया पाच महिन्यांच्या आतच करावी लागते. तिने कटीच्या हाडाच्या सांध्याची वाढ थांबवितात, आणि पुढील वाढीत वाटी आपोआप चेंडूवर झाकण घालते. कटीचे हाड कापून वळविण्याची मोठी शस्त्रक्रिया दहाव्या महिन्याच्या आत, झीज सुरू होण्यापूर्वी करावी लागते. वेळ टळली की मग वजन आटोक्यात ठेवणे, बेताचा नियमित व्यायाम, मऊ अंथरूण, पशुवैद्याने दिलेली वेदनाशामके, आणि फारच झाले तर मोठ्या शहरांत मिळणारा कृत्रिम सांधा, एवढेच उरते. हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नये. सैल सांधा ओढल्याने घट्ट होत नाही.

आणि आपल्या कपाटातील गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक माणसाची कंबर बरी करतात. कुत्र्याच्या जठरात तीच औषधे व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. ओरछ्याच्या छत्र्यांवर घरटी करणारी गिधाडे पाहिली की मला याची आठवण होते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, आणि २००६ मध्ये पशूंसाठी त्याच्यावर बंदी आली. एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल.

शेवटचा मुद्दा विणीचा, आणि तो सर्वांत कठीण. ज्या कुत्र्याचा खुबा सदोष निघाला त्याची वीण घेऊ नये, हे पटते सर्वांना. पण कुत्रा देखणा असतो, पिल्लांना मागणी असते, आणि क्ष-किरण चित्र कपाटात ठेवता येते. खरेदीदार विचारीत नाही तोवर विक्रेता दाखविणार नाही. गेल्या हिवाळ्यात झाशीतील एका परिचितांनी लॅब्रॅडोरचे पिल्लू ठरविताना आईच्या खुब्यांचे चित्र मागितले. विक्रेता प्रथम हसला, मग चिडला, आणि अशी चौकशी आजवर कोणी केली नाही म्हणाला. ते गृहस्थ पिल्लू न घेता परत आले. घरातील मुले आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीत. चार महिन्यांनी इंदूरला एका ठिकाणी आईबाप दोघांचीही चित्रे मिळाली आणि पिल्लू घरी आले. ते आता पाच महिन्यांचे आहे. त्याच्या बरगड्या हाताला लागतात, ओसरीवर काथ्याची चटई आहे, आणि दर रविवारी सकाळी मुलगा त्याला अंगणात चालवितो व वडील मागे उभे राहून पाहतात.